‘प्रलयाचा मासा’ व्हायरल झाला, पण खरी बातमी समुद्राच्या तळाशी आहे

मे २०२५ च्या अखेरीस तमिळनाडूच्या मच्छीमारांचा एक व्हिडिओ बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेला. चांदीच्या पट्ट्यासारखा लांबलचक मासा, डोक्यावर लालसर तुरा, आणि तो उचलून धरायला एका रांगेत उभी राहिलेली माणसं. लांबी सुमारे ३० फूट असल्याचं सांगितलं गेलं. व्हिडिओखालचा मजकूर मात्र माशापेक्षा लांब होता: हा ‘डूम्सडे फिश’ आहे, तो वर आला की भूकंप किंवा त्सुनामी येते, पुढचे काही दिवस सांभाळून राहा, दहा जणांना पाठवा.

भूकंप आला नाही. त्सुनामीही आली नाही. आणि नेहमीप्रमाणे, काहीच झालं नाही म्हणून कुणी व्हिडिओ केला नाही.

हे एकदाच घडलेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात असाच मासा सापडला. जानेवारी २०२५ मध्ये स्पेनच्या तेनेरीफ बेटाजवळ एक काळाकुट्ट, राक्षसी दातांचा मासा भर दुपारी पाण्याच्या पृष्ठभागावर पोहताना दिसला. मार्चमध्ये जगातला सर्वांत वजनदार स्क्विड पहिल्यांदा त्याच्या घरात जिवंत चित्रित झाला. समुद्रातल्या विचित्र प्राण्यांचा सोशल मीडियावर जणू सीझनच सुरू आहे.

याच काळात या प्राण्यांच्या घराबद्दल काही मोठे निर्णय झाले. एक वॉशिंग्टनमध्ये, आणि एक चक्क दिल्लीत, ज्याचं काम गोव्यातून चालणार आहे. ते मात्र फारसे कुणाच्या फीडमध्ये आले नाहीत. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र पाहू.

भूकंपाची बातमी माशाला आधी कळते का?

या माशाचं नाव ओअरफिश. हाडं असलेल्या माशांमध्ये हा जगातला सर्वांत लांब. साधारण २०० ते १००० मीटर खोलीवर राहतो, अंगावर खवले नाहीत, तोंडात धड दात नाहीत, आणि खातो काय तर कोळंबीच्या जातीचे बारीक जीव. पाण्यात तो अनेकदा उभा तरंगतो, टांगलेल्या पट्ट्यासारखा. एवढा निरुपद्रवी प्राणी इतका बदनाम झाला तो जपानमुळे. तिथे त्याला ‘समुद्रदेवाच्या महालाचा दूत’ अशा अर्थाचं नाव आहे, आणि तो किनाऱ्यावर आला तर भूकंप होतो अशी जुनी समजूत आहे. मार्च २०११ च्या महाभूकंपाआधीच्या दीड-दोन वर्षांत जपानच्या किनाऱ्यावर बरेच ओअरफिश दिसले होते, त्यामुळे ही समजूत पुन्हा जिवंत झाली.

जपानी संशोधकांनी यावर थट्टा केली नाही, तपासणी केली. हे मला महत्त्वाचं वाटतं. १९२८ पासून २०११ पर्यंतची जुनी वर्तमानपत्रं, मत्स्यालयांच्या नोंदी, अहवाल चाळून त्यांनी खोल समुद्रातले मासे दिसल्याच्या ३३६ घटना गोळा केल्या. त्याच काळातले ६ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे २२१ भूकंप समोर ठेवले आणि जोड्या जुळतात का ते पाहिलं. मासा दिसला, आणि मग थोड्याच दिवसांत त्याच परिसरात मोठा भूकंप झाला, अशी जोडी किती वेळा जुळली? एकदा. जुलै २००७ मध्ये. २०१९ साली हा अभ्यास भूकंपशास्त्राच्या एका नामांकित अमेरिकी नियतकालिकात छापून आला आणि निष्कर्ष स्पष्ट होता: ही समजूत आहे, इशारा नाही.

मग कॅलिफोर्नियाचं काय? तिथे १० ऑगस्ट २०२४ ला सॅन दिएगोजवळच्या ला होया इथे कयाक घेऊन गेलेल्यांना सुमारे १२ फुटी मेलेला ओअरफिश दिसला आणि दोनच दिवसांनी लॉस एंजेलिसला भूकंपाचा धक्का बसला. हे खरं आहे. पण तो धक्का होता ४.४ तीव्रतेचा. लॉस एंजेलिसमध्ये असे धक्के अधूनमधून बसतच असतात. जगभरात ६ हून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला शंभराच्या वर होतात. म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी कुठे ना कुठे एक. तुम्ही आज घराबाहेर मांजर आडवी गेल्याची नोंद केली, तरी त्या आठवड्यात जगात कुठेतरी मोठा भूकंप सापडेलच. ओअरफिश आणि मांजर यांत फरक एवढाच की मांजर व्हायरल होत नाही.

कॅलिफोर्नियात त्याच वर्षी आणखी दोन ओअरफिश किनाऱ्याला लागले. तिथे १९०१ पासून ऑगस्ट २०२४ पर्यंत फक्त २० ची नोंद होती, त्यामुळे एका वर्षात तीन हे शास्त्रज्ञांनाही नवल वाटलं. कारण काय असावं? समुद्राचं तापमान, प्रवाह, वादळं, आजारपण असे अनेक अंदाज आहेत. उत्तर पक्कं नाही. खोल पाण्यातला प्राणी वर येतो तेव्हा तो बहुधा मरणाच्या दारात असतो, एवढं मात्र दिसतं.

अशा समजुतींना हसून सोडून द्यावं का? जपाननेच याचं उत्तर दिलंय. १९९९ च्या एका मंगा चित्रकथेच्या २०२१ च्या नव्या आवृत्तीत जुलै २०२५ मध्ये महासंकट येणार असं भाकीत होतं. ते इतकं पसरलं की हाँगकाँगमधून जपानला जाणाऱ्यांची संख्या घटली आणि एका विमान कंपनीला उड्डाणं कमी करावी लागली. हॉटेलवाले, टॅक्सीवाले, दुकानदार यांचं नुकसान झालं, तेही न झालेल्या प्रलयामुळे.

‘ती शेवटचा प्रकाश बघायला आली’

तेनेरीफचा मासा हे वेगळंच प्रकरण. २६ जानेवारी २०२५ ला किनाऱ्यापासून सुमारे दोन किलोमीटरवर शार्कचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेच्या बोटीवरच्या लोकांना तो दिसला. अँग्लरफिशची मादी. कपाळावर गळासारखा दांडा, त्याच्या टोकाला दिवा. ‘फाइंडिंग निमो’ पाहिला असेल तर ओळखीचा चेहरा. हा मासा साधारण २०० ते २००० मीटर खोलीवर राहतो, त्यामुळे दिवसाउजेडी पृष्ठभागावर तो जिवंत दिसणं ही फारच दुर्मीळ घटना. काही तासांतच तो मेला आणि त्याला सांताक्रूझच्या निसर्ग व पुरातत्त्व संग्रहालयात नेण्यात आलं.

इंटरनेटने मात्र त्याची कविता केली. आयुष्यभर अंधारात राहिलेली ती शेवटच्या क्षणी सूर्य बघायला वर आली, अशा पोस्टवर लोक ढसाढसा रडले. अॅनिमेशन निघाली, टॅटू काढले गेले. व्हिडिओत तो राक्षस वाटत होता, प्रत्यक्षात मुठीत मावेल एवढा होता. या जातीची मादी जास्तीत जास्त १८ सेंटिमीटरच्या आसपास वाढते. माणसं हळवी झाली यात वाईट काही नाही. ओअरफिशला शिव्या देण्यापेक्षा हे बरं. पण खरी गोष्ट या कवितेपेक्षा कितीतरी चमत्कारिक आहे. तिचा दिवा तिचा स्वतःचा नाही, त्यात प्रकाश देणारे जिवाणू राहतात. तिच्या जातीचा नर जेमतेम इंचभर. आणि अँग्लरफिशच्या काही भाईबंद जातींमध्ये तर नर मादीला चावून कायमचा चिकटतो. दोघांची कातडी आणि रक्तवाहिन्या एक होतात, आणि पुढे नर तिच्या रक्तावरच जगतो. एका शरीराने दुसरं शरीर असं स्वीकारावं कसं? आपल्याकडे किडनी बसवली तर आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात. २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या अभ्यासाने उत्तर दिलं: या माशांनी रोगप्रतिकार यंत्रणेतले काही महत्त्वाचे जीन्सच टाकून दिले आहेत. तरीही ते आजारांपासून स्वतःला वाचवतात, आणि यात माणसाच्या वैद्यकशास्त्राला रस आहे.

ब्लॉबफिशवरही असाच अन्याय झाला. गुलाबी, लिबलिबीत, उदास चेहऱ्याचा तो मासा मीम्समुळे सगळ्यांना माहीत आहे. २०१३ मध्ये त्याला जगातला सर्वांत कुरूप प्राणी ठरवलं गेलं. पण तो त्याचा चेहराच नाही. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, आणि ब्लॉबफिश राहतो ६०० मीटरच्या खाली, म्हणजे आपल्यापेक्षा ६० पट किंवा जास्त दाबाखाली. तिथे तो बऱ्यापैकी माशासारखा मासा दिसतो. जाळ्यातून वर ओढला की अंग विस्कटतं, आणि त्या अवस्थेतल्या फोटोवर आपण हसतो. मार्च २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या लोकांनी मत देऊन त्याला ‘वर्षातला मासा’ निवडलं, ही त्यातल्या त्यात भरपाई.

खरं तर विचित्र जीव बघायला एवढं खोल जायची गरज नाही. पावसाळ्यात जुहू, गिरगाव किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखी दिसणारी ‘ब्लू बॉटल’ वाहून येते, ती याच पंगतीतली. लोक तिला जेलीफिश म्हणतात, पण ती जेलीफिश नाही आणि एक प्राणीही नाही. तो अनेक छोट्या जीवांचा एकत्र राहणारा समूह आहे: कुणी तरंगायचं, कुणी खायचं, कुणी डंख मारायचा. मेलेल्या ब्लू बॉटलचे धागेही डंख मारतात, म्हणून मुलांना हात लावू देऊ नका. डंख झालाच तर चोळू नका, चिकटलेले धागे काढा, समुद्राच्या पाण्याने धुवा, सोसेल एवढ्या गरम पाण्यात तो भाग ठेवा, आणि श्वासाला त्रास वाटला तर थेट डॉक्टर गाठा. रील बनवण्याआधी एवढं करा.

आता तळाकडे

पॅसिफिक महासागरात हवाई आणि मेक्सिकोच्या मध्ये क्लॅरियन-क्लिपर्टन नावाचा पट्टा आहे. क्षेत्रफळ सुमारे ४५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या सव्वापटीहून जास्त. इथे चार ते सहा हजार मीटर खोल तळावर बटाट्याएवढे काळे गोटे पसरलेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट आहे, म्हणजे बॅटऱ्यांना लागणारं जवळजवळ सगळं सामान. हे गोटे वाढतात दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर.

२०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी या पट्ट्यातल्या प्राण्यांचा हिशेब मांडला. अंदाज निघाला ५,५७८ जातींचा. त्यांतल्या ९० टक्क्यांच्या आसपास जातींना अजून नावही नाही. काही प्राणी तर या गोट्यांवरच अवलंबून आहेत. पेरूजवळच्या पॅसिफिक तळावर ४,००० मीटर खोलीवर पांढरे, भुतासारखे दिसणारे ऑक्टोपस सापडले. त्यांनी अंडी घातली होती ती स्पंजाच्या मेलेल्या देठांवर, आणि ते स्पंज उगवले होते गोट्यांवर. गोटे नेले की देठ गेले, देठ गेले की अंडी घालायची जागा गेली.

या तळाचा मालक कोण? कुणीच नाही, किंवा सगळेच. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यानुसार देशांच्या हद्दीबाहेरचा समुद्रतळ हा सगळ्या मानवजातीचा वारसा आहे, आणि तिथल्या खनिजांचा कारभार जमैकातल्या किंग्स्टन इथलं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण पाहतं. प्राधिकरणाने शोध घेण्याचे परवाने दिलेत, पण प्रत्यक्ष खाणकामाची नियमावली अनेक वर्षं अडकली आहे. जुलै २०२५ च्या बैठकीतही ती मंजूर झाली नाही. सुमारे ४० देशांचं म्हणणं आहे की घाई नको, आधी थांबा.

अमेरिकेने थांबायचं नाही असं ठरवलं. ती या सागरी कायद्याची सदस्य नाही. २४ एप्रिल २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी खोल समुद्रातल्या खनिजांसाठी आदेश काढला आणि आंतरराष्ट्रीय पाण्यातल्या खाणकामाचे अर्ज अमेरिकेच्या स्वतःच्या जुन्या कायद्याखाली झटपट निकाली काढायला सांगितलं. काही दिवसांतच कॅनडाच्या ‘द मेटल्स कंपनी’ने अर्ज दाखल केला. म्हणजे सोसायटीची गच्ची सगळ्यांची आहे हे मान्य न केलेल्या एका बिऱ्हाडाने परस्पर भाडेकरू ठेवायला काढला.

दुसऱ्या बाजूलाही हालचाल झाली. खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीच्या रक्षणासाठीचा करार, ज्यावर जवळजवळ २० वर्षं चर्चा चालली, त्याला सप्टेंबर २०२५ मध्ये ६० देशांची मंजुरी मिळाली आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. भारताने त्यावर सप्टेंबर २०२४ मध्येच सही केली आहे. या कराराने खुल्या समुद्रात राखीव क्षेत्रं करता येतील. पण तळाच्या खनिजांचा निर्णय अजूनही किंग्स्टनकडेच राहतो, हे विसरून चालणार नाही.

खाणकामाने नक्की किती नुकसान होतं? आता थोडी आकडेवारी हाताशी आहे. १९७९ मध्ये या पट्ट्यात एक यंत्र चाचणीसाठी फिरवलं होतं. ४४ वर्षांनी शास्त्रज्ञ पुन्हा तिथे गेले तर चाकोऱ्या जशाच्या तशा. काही छोटे जीव परतू लागले होते, पण तळ पूर्ववत झाला नव्हता. २०२२ मध्ये आधुनिक यंत्राची चाचणी झाली, तिच्या आधी आणि नंतरचे नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या शास्त्रज्ञांनी तपासले. यंत्राच्या वाटेवर गाळात राहणाऱ्या बारीक प्राण्यांची संख्या ३७ टक्क्यांनी घटली होती.

गोव्याचा संबंध आणि लोखंडी चिलखताची गोगलगाय

आता आपल्या दाराशी. भारताचा या गोट्यांशी संबंध जुना आहे. १९८१ मध्ये ‘गवेषणी’ या जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून पहिले गोटे वर काढले. ते काम होतं गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरवर शोध घेण्याचा हक्क भारताकडे आहे, आणि सरकारी अंदाजानुसार तिथे ३८ कोटी टन गोटे आहेत. २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांची डीप ओशन मिशन मंजूर झाली. ‘मत्स्य ६०००’ ही तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारी पाणबुडी त्यातलीच.

१५ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीत आणखी एक करार झाला. कार्ल्सबर्ग रिज नावाच्या समुद्राखालच्या डोंगररांगेत १०,००० चौरस किलोमीटरवर सल्फाइड खनिजं शोधण्याचा हक्क प्राधिकरणाने भारताला दिला. काम करणार वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. (हो, नाव बिअरचंच आहे. डेन्मार्कच्या ज्या मोहिमेने ही रांग शोधली, तिला त्याच कंपनीच्या प्रतिष्ठानाने पैसे दिले होते.) सल्फाइड खनिजांत तांबं, जस्त, सोनं, चांदी असते. ती साठतात तळातल्या गरम पाण्याच्या धुराड्यांपाशी, जिथे जमिनीच्या पोटातून शेकडो अंश तापलेलं पाणी उसळतं.

हिंदी महासागरातल्या अशा धुराड्यांपाशीच जगातली एक सर्वांत अजब गोगलगाय राहते. तिला ‘स्केली-फूट’ म्हणतात. २००१ मध्ये ती पहिल्यांदा दिसली. तिच्या पायावर लोखंडाच्या सल्फाइडचे खवले असतात. आपल्या अंगाच्या सांगाड्यात लोखंड वापरणारा दुसरा जिवंत प्राणी माणसाला माहीत नाही. ती फारसं खातही नाही, तिच्या घशाजवळच्या ग्रंथीत राहणारे जिवाणू तिला पोसतात. तिची धुराडी इतकी मोजकी आहेत की ज्ञात वस्ती सगळी मिळून काही मैदानांएवढीच भरते. २०१९ मध्ये आययूसीएनने तिला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे यादीत गेलेली ती पहिली जात. तेव्हा तिच्या तीन ठिकाणांपैकी दोन ठिकाणं परदेशी शोध परवान्यांच्या हद्दीत होती. कार्ल्सबर्ग रिज ही याच समुद्राखालच्या डोंगरसाखळीचं उत्तरेचं टोक.

इथे सरकारला खलनायक करणं सोपं आहे, पण ते प्रामाणिक होणार नाही. कोबाल्ट, निकेल, लिथियमसाठी भारत पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. जमिनीवरच्या खाणींची किंमतही कुणी तरी मोजतंच, काँगोतल्या कोबाल्टच्या खाणींत काम करणाऱ्या मुलांनी ती मोजली आहे. शिवाय सप्टेंबरचा करार शोधाचा आहे, खोदकामाचा नाही. पण जगात आजवर शोधाचा हक्क कुणी केवळ ज्ञानासाठी घेतलेला नाही. माझ्या मते खरा प्रश्न धुराड्यांचा आहे. काही धुराडी जिवंत आहेत, काही थंड पडलेली. जिवंत धुराड्यांना हातच लावू नये अशी मागणी अनेक शास्त्रज्ञ करतात. भारताने किंग्स्टनमध्ये ती उचलून धरली तर आपलं फार बिघडणार नाही, कारण थंड पडलेल्या धुराड्यांपाशीही खनिज असतंच.

मार्च २०२५ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये ६०० मीटर खोलीवर तो स्क्विड दिसला, तेव्हा तो फक्त ३० सेंटिमीटरचं पिल्लू होता. मोठा झाल्यावर ही जात सात मीटर आणि ५०० किलोपर्यंत जाते. तिला १९२५ मध्ये नाव मिळालं, तेही स्पर्म व्हेलच्या पोटात सापडलेल्या तुकड्यांवरून. नावापासून पहिल्या व्हिडिओपर्यंत १०० वर्षं लागली. कार्ल्सबर्ग रिजसारख्या शोध करारांची मुदत १५ वर्षांची असते. या मुदतीत खनिज मोजण्याबरोबर तिथे कोणकोणते जीव राहतात याच्या पायाभूत नोंदी करणंही बंधनकारक आहे. गोव्याहून निघणाऱ्या जहाजांना त्या कराव्याच लागतील.